लाइट गेली तर हॉस्पिटलचं काय? कायद्यात हमी नसते, नंबर असतो

लाइट गेली की आपण घरी काय करतो, मोबाइलचा टॉर्च लावतो, खिडकीतून डोकावून बघतो की सगळ्यांचीच गेलीय का आपलीच, आणि सगळ्यांची गेली असेल तर उगाचच जरा बरं वाटतं. हॉस्पिटलमधला तोच क्षण मात्र वेगळा असतो. ऑपरेशन थिएटर, भूल दिलेला पेशंट टेबलावर, आणि वरचा मोठा दिवा पटकन बंद. एसीची घरघर थांबते, एकदम इतकी शांतता होते की बॅटरीवर गेलेल्या व्हेंटिलेटरची टीं टीं स्पष्ट ऐकू येते. सर्जन हात आहे तिथेच धरून थांबतो. कोणी काही बोलत नाही, कारण बोलून काही होणार नसतं. मग खाली कुठेतरी डिझेल इंजिन खोकल्यासारखं करून धडधडायला लागतं, दिवा परत लागतो आणि काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं.

हे सगळं साधारण दहा सेकंदांत. हा दहाचा आकडा मी मनाने टाकलेला नाहीये, तो नियमात लिहिलेला आहे, त्याच्याकडे येतोच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बऱ्याच जणांना वाटतं की हॉस्पिटलची लाइट जाऊच द्यायची नाही असा काहीतरी कायदा असतो, आणि गेलीच तर वीज कंपनीवर केस ठोकता येते. दोन्ही जवळजवळ चूक. जगातल्या बहुतेक वीज कायद्यांमध्ये हॉस्पिटलला अखंड विजेची हमी दिलेली नसते. दिलेलं असतं ते प्राधान्य. म्हणजे रांगेत तुमचा नंबर पुढे, पण रांग आहेच. आणि हमी आणि नंबर या दोन गोष्टींच्या मध्ये जी मोकळी जागा उरते, ती कोणी भरायची, कंपनीने की हॉस्पिटलने, एवढ्याच प्रश्नावर हा सगळा कायद्याचा डोलारा उभा आहे.

आता कंपनीला हमी द्यायला का लावत नाहीत? वीज कंपनी हे दुकान नाही. एका भागात बहुतेक वेळा एकच कंपनी तारा टाकते, तिला लायसन्स असतं, आणि त्या मक्तेदारीच्या बदल्यात तिच्यावर बंधनं असतात, मागेल त्याला कनेक्शन द्यायचं, मनाला येईल तो दर लावायचा नाही, नियामक आयोग सांगेल त्या दर्जाने सेवा द्यायची. पण याच सौद्याची दुसरी बाजू अशी की लाइट गेल्यामुळे ज्याचं ज्याचं नुकसान झालं त्या प्रत्येकाला भरपाई द्यायला लावली तर कंपनी एका रात्रीत बुडेल, आणि बुडाली नाही तर ते पैसे सगळ्यांच्याच बिलात येतील. म्हणून बऱ्याच देशांत दरपत्रकातच लिहिलेलं असतं की साध्या हलगर्जीपणासाठी आम्ही जबाबदार नाही, फक्त अगदी ढळढळीत बेपर्वाई असेल तर बघू.

आणि 'बघू' म्हणजे काय याचं एक अमेरिकन उदाहरण आहे, हॉस्पिटलचं नाही पण ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं. १३ जुलै १९७७ च्या रात्री जवळजवळ सगळ्या न्यूयॉर्क शहराची वीज गेली ती पूर्ण यायला पंचवीस तास लागले. एका इमारतीत राहणारे ७७ वर्षांचे एक भाडेकरू. पंप बंद म्हणून घरात पाणी नाही, म्हणून ते दुसऱ्या दिवशी तळघरात पाणी आणायला निघाले आणि अंधारात जिन्यावरून पडले. त्यांनी वीज कंपनीवर, म्हणजे कॉन एडिसनवर, दावा लावला. दुसऱ्या एका खटल्यात, ज्यात एका सुपरमार्केट चेनने दावा केला होता, कंपनीची मोठी बेपर्वाई होती हे आधीच ठरलेलं होतं. म्हणजे चूक कोणाची यावर फारसा वाद नव्हता. तरी १९८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने दावा फेटाळला. कारण काय, तर जिन्यातल्या दिव्याचं कनेक्शन घरमालकाच्या नावावर, भाडेकरूचा कंपनीशी करार फक्त त्याच्या खोलीपुरता. जिन्यासाठी कंपनीचं त्याच्याशी कायदेशीर देणंघेणं नाही. असं देणं मान्य केलं तर त्याला शेवटच राहणार नाही, असं कोर्टाचं म्हणणं.

आता जिन्याच्या जागी वॉर्ड ठेवा. कनेक्शन हॉस्पिटलच्या नावावर, बिल हॉस्पिटल भरतं, करार हॉस्पिटलचा. बेडवर झोपलेला पेशंट कंपनीच्या लेखी कोणीच नाही. त्यामुळे लाइट जाऊन पेशंटला काही झालं तर प्रश्न फिरून हॉस्पिटलकडेच येतो, की बाबा तुझा बॅकअप का चालला नाही. मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही, कारण बेपर्वाई एकाची आणि उत्तरं दुसऱ्याने द्यायची, पण व्यवस्था अशी आहे आणि ती माहीत असलेली बरी.

भारतात काय? आपल्याकडे २००३ चा वीज कायदा आहे. त्याचं कलम ५७ म्हणतं की वितरण कंपनीने कामगिरीचे कोणते निकष पाळायचे ते आयोग ठरवू शकतो, आणि पाळले नाहीत तर ग्राहकाला भरपाई. नंतर २०२० मध्ये केंद्राने ग्राहक हक्कांचे नियम आणले, त्यात तर चक्क लिहिलंय की कंपनीने सगळ्या ग्राहकांना चोवीस तास वीज द्यावी, शेतीसारख्या काही वर्गांसाठी आयोग कमी तास ठरवू शकतो. वाचायला फार छान वाटतं. पण मोडलं तर उपाय काय, तर तीच ठरलेली भरपाई, ती एका ऑपरेशनच्या खर्चाच्या जवळपास पण जात नाही, आणि वादळ, पूर, भूकंप असं काही असेल तर निकषांमधून सूट मिळते. म्हणजे हॉस्पिटलला वीज सगळ्यात जास्त जेव्हा लागते नेमक्या त्याच वेळी नियम थोडे सैल होतात. यात कोणाचा डाव वगैरे नाही, पुरात बुडालेलं सबस्टेशन कायद्याने चालू होत नाही एवढं साधं आहे.

बिल थकलं तर? कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्याआधी लेखी नोटीस आणि पूर्ण १५ दिवस द्यावे लागतात, आणि बिलावर वाद असेल तर हरकत नोंदवून पैसे भरले की वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. यात हॉस्पिटलला वेगळी ढाल नाही, जो नियम सगळ्यांना तोच. ही एक गोष्ट छोट्या नर्सिंग होमवाल्यांनी भिंतीवर चिकटवून ठेवायला हरकत नाही.

बरं, आता त्या नंबरकडे. प्राधान्य प्राधान्य म्हणतात ते प्रत्यक्षात कसं चालतं हे कळायला फीडर समजला पाहिजे. सबस्टेशनमधून एक जाड लाइन निघते, ती पुढे जाते, तिला जागोजागी ट्रान्सफॉर्मर लागतात, ज्याला आपण डीपी म्हणतो, आणि डीपीवरून घरांना, दुकानांना, पिठाच्या गिरणीला, सगळ्यांना वीज जाते. त्या जाड लाइनला फीडर म्हणतात. सबस्टेशनमध्ये बसलेला माणूस फीडर बंद करू शकतो किंवा चालू करू शकतो. त्या फीडरवरचं एकच हॉस्पिटल चालू ठेवून बाकी सगळं बंद करणं त्याच्या हातात नसतं, तसं बटणच नाही.

म्हणून भारनियमन करायची वेळ आली की कंपनीला दोनच मार्ग राहतात. एक तर हॉस्पिटल असलेला अख्खा फीडर वगळायचा, मग त्या फीडरवरच्या मिठाईच्या दुकानालाही फुकटात चोवीस तास वीज (आणि हो, अशा फीडरवर फ्लॅट आहे म्हणून लोक खुश असतात). नाहीतर हॉस्पिटलला सबस्टेशनपासून स्वतंत्र लाइन टाकायची, तिला एक्स्प्रेस फीडर किंवा डेडिकेटेड फीडर म्हणतात, आणि तिचा खर्च कोणी करायचा यावर मग वर्षानुवर्षं कागदी घोडे नाचतात.

दक्षिण आफ्रिकेत हे सगळं भर कोर्टात झालं. तिथे बरीच वर्षं दिवसातून कित्येक तास भारनियमन चालू होतं, हॉस्पिटल्ससुद्धा त्यात. ५ मे २०२३ ला प्रिटोरियाच्या हायकोर्टाने मंत्र्यांना आदेश दिला की सरकारी आरोग्य संस्था, शाळा आणि पोलीस स्टेशनांना पुरेशी वीज राहील यासाठी साठ दिवसांत पावलं उचला. सरकार अपिलात गेलं. सरकारी बाजूची अडचण ऐकायला बहाण्यासारखी वाटते पण ती खरीच होती, की हॉस्पिटलं आजूबाजूच्या वस्तीच्याच लाइनवर आहेत, त्यांना वेगळं काढायचं तर आधी केबल टाकाव्या लागतील. निकाल एका दिवसात लिहिता येतो. केबल येत नाही.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न त्यांनी आधीच जरा वेगळ्या पद्धतीने बांधून ठेवलाय. टंचाईच्या काळात आळीपाळीने वीज बंद करायची वेळ आली तर कोणाला वगळायचं याची यादी असते, त्यात मोठी अपघात विभाग असलेली हॉस्पिटलं येतात, पण नुसतं हॉस्पिटल असून भागत नाही, तुमची लाइन तांत्रिकदृष्ट्या वेगळी काढता येण्यासारखी पाहिजे. म्हणजे परत गाडी फीडरवरच. आणि आळीपाळीची टंचाई वेगळी, अचानकची गोष्ट वेगळी. ९ ऑगस्ट २०१९ ला तिथे वीज पडली आणि लागोपाठ मोठी निर्मिती बंद झाली, ग्रीडची फ्रिक्वेन्सी खाली गेली आणि आपोआप चालणाऱ्या रिलेंनी, म्हणजे स्वतःहून लाइन तोडणाऱ्या उपकरणांनी, जवळपास ११ लाख ग्राहक तोडले. अशा वेळी यादी बघायला माणूस मध्ये नसतोच, रिले जो फीडर आधी ठरलाय तो पाडतो. त्याच दिवशी इप्सविचच्या हॉस्पिटलमध्ये जनरेटर असूनही काही भागात थोडा वेळ वीज गेली. म्हणजे ग्रीडचा गोंधळ ग्रीडच्या जागी, पण घरातलाही बॅकअप नेमका त्याच दिवशी रुसला.

यादीचा सगळ्यात मोठा धडा मात्र टेक्ससचा आहे आणि तो मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. फेब्रुवारी २०२१, हिमवादळ, कडाक्याची थंडी, मागणी वाढलेली आणि वीज केंद्रं गोठून एकेक बंद पडतायत. ग्रीड वाचवण्यासाठी एका वेळेला वीस हजार मेगावॉटपर्यंत भार तोडावा लागला. ठरलेलं असं होतं की थोडा थोडा वेळ आळीपाळीने तोडायचा. पण झालं काय, हॉस्पिटलं, फायर स्टेशनं वगैरे महत्त्वाचे फीडर बाजूला काढल्यावर तोडायला जे फीडर उरले ते इतके कमी होते की पाळी बदलायलाच जागा राहिली नाही, जे अंधारात गेले ते दिवसच्या दिवस अंधारात राहिले. याच्यापुढचं तर अजून भारी. वीज केंद्रांना गॅस लागतो, गॅस ढकलायला कॉम्प्रेसर लागतात, त्यातले कित्येक विजेवर चालतात, आणि त्या गॅसवाल्यांनी 'आम्ही महत्त्वाचे ग्राहक आहोत' असा फॉर्मच भरलेला नव्हता. त्यामुळे कंपनीने त्यांची वीज तोडली, म्हणून गॅस कमी झाला, म्हणून वीज अजून कमी झाली. एक न भरलेला फॉर्म. राज्याच्या अधिकृत मोजणीत त्या वादळाशी संबंधित २४६ मृत्यू आहेत, सगळे काही या एका कारणाने नव्हेत, पण थंडी आणि बंद वीज यांचा त्यात मोठा वाटा. नंतर त्याच वर्षी कायदा करून गॅसच्या साखळीतल्या महत्त्वाच्या ठिकाणांची नोंद आणि नकाशे सक्तीचे केले. वरातीमागून घोडं, पण आलं तरी.

त्याच आठवड्यात ऑस्टिनमधल्या एका हॉस्पिटलला पाण्याचं प्रेशर गेल्यामुळे पेशंट हलवायची वेळ आली. शहराची पाणीपुरवठा यंत्रणा कोलमडली होती. यावरून लक्षात घ्या की तुमचा फीडर यादीत आहे म्हणून तुम्ही सुरक्षित नसता, तुमच्या पाण्याच्या पंपाचा, ऑक्सिजन भरून देणाऱ्याचा, डिझेलच्या डेपोचा फीडर यादीत आहे का हेही बघावं लागतं. ते सहसा कोणी बघत नाही.

आता हॉस्पिटलची बाजू. कायदा कंपनीला म्हणतो नंबर पुढे ठेव, आणि हॉस्पिटलला म्हणतो तोपर्यंतचं तुझं तू बघ. ते 'तुझं तू' अमेरिकेत आगीपासून सुरक्षिततेची मानकं लिहिणाऱ्या एनएफपीए नावाच्या संस्थेच्या मानकांमध्ये बारीक लिहिलेलं आहे आणि सरकारी विम्याचे पैसे हवे असतील तर ते पाळावं लागतं, म्हणजे तिथल्या जवळपास सगळ्याच हॉस्पिटलांना. दहा सेकंद तिथून आले, मेन सप्लाय गेल्यापासून जीव वाचवणाऱ्या सर्किटांना दहा सेकंदांत जनरेटरची वीज मिळाली पाहिजे. या दहा सेकंदांचं काम व्हेंटिलेटरची आतली बॅटरी आणि यूपीएस करतात. आणि जनरेटरवर सगळं हॉस्पिटल येत नाही हे लक्षात घ्या. भार विभागलेला असतो, बाहेर पडायच्या वाटेचे दिवे आणि अलार्म एका भागात, आयसीयू, थिएटर अशी पेशंटला थेट लागणारी सर्किटं दुसऱ्या भागात, आणि मोठी यंत्रं, हवा खेळवणारे पंखे वगैरे तिसऱ्यात. बऱ्याच ठिकाणी जनरेटरवरचे प्लग लाल रंगाचे असतात, म्हणजे घाईत नर्सने कुठलं मशीन कुठे लावायचं हे नुसतं बघून कळावं. नातेवाइकांनी त्या लाल प्लगला फोन चार्जिंगला लावू नये, एवढी एक विनंती जाता जाता.

जनरेटर आहे म्हणजे तो सुरू होईल असं नाही. म्हणून दर महिन्याला तो तीस मिनिटं चालवून बघायचा नियम आहे, आणि तोही रिकामा नाही तर क्षमतेच्या निदान तीस टक्के भारावर. रिकामा का नाही, कारण डिझेल इंजिन कमी भारावर चालवलं की ते नीट तापत नाही, न जळलेलं इंधन आणि काजळी आत साठत जाते आणि ऐन वेळी ते धूर ओकतं. 'दर सोमवारी चालवतो हो आम्ही, पाच मिनिटं' असं जे अभिमानाने सांगतात त्यांच्या जनरेटरची मला जास्त काळजी वाटते. सुरू न होण्याचं नेहमीचं कारण तर अजूनच क्षुल्लक असतं, स्टार्टरची बॅटरी उतरलेली.

डिझेलचा हिशोब पण एकदा करून बघा. पाचशे केव्हीएचा सेट पूर्ण भारावर तासाला साधारण शंभर लिटर पितो. अमेरिकेत हॉस्पिटलच्या नियोजनात ९६ तास हा आकडा फार ऐकू येतो, चार दिवस. म्हणजे जवळजवळ साडेनऊ हजार लिटर, एका सेटला. एवढं डिझेल गावाच्या मध्यभागी साठवायचं तर आगीचे नियम आडवे येतात, परवानग्या लागतात. म्हणून ९६ तास म्हणजे एवढा साठा पाहिजेच असं नव्हे, तर ९६ तास बाहेरून मदत आली नाही तर तुम्ही किती टिकाल आणि मग काय कराल हे आधी लिहून ठेवा, असा त्याचा मूळ अर्थ, आणि लोक तो हमखास चुकीचा घेतात. त्यात बाकीचं डिझेल पुरवायचा करार केलेला असतो टँकरवाल्याशी, आणि शहरातल्या सगळ्या हॉस्पिटलांनी त्याच एका टँकरवाल्याशी केलेला असतो.

कागदावर सगळं नीट असून काय होतं ते न्यूयॉर्कने २९ ऑक्टोबर २०१२ ला बघितलं, सँडी वादळात. बेलव्ह्यू हॉस्पिटलचे जनरेटर तेराव्या मजल्यावर, पुरापासून एकदम सेफ. पण तिथपर्यंत डिझेल चढवणारे पंप तळघरात. तळघर बुडालं, पंप गेले, आणि मग माणसांनी जिन्यावर साखळी करून हातोहात डिझेल तेरा मजले वर पोचवलं. तरी शेवटी हॉस्पिटल रिकामं करावंच लागलं. जवळच्याच एनवाययू लँगोनमध्ये तर त्याच रात्री बॅकअप गेला आणि तीनशेहून जास्त पेशंट अंधारात जिन्याने खाली आणले, त्यात नवजात आयसीयूतली वीस बाळं होती. नवव्या मजल्यावरून. नर्सच्या छातीशी एकेक बाळ, ज्यांना श्वास द्यावा लागत होता त्यांना कोणीतरी हाताने फुगा दाबत एकेक पायरी उतरतंय.

त्याच्या सात वर्षं आधी कॅटरिनाच्या पुरात न्यू ऑर्लिन्सच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये हेच झालं होतं, फक्त तिथे बुडालं ते मेन आणि जनरेटर यांच्यात अदलाबदल करणारं स्विचगिअर, खालच्या पातळीवरचं. वादळ २९ ऑगस्टला, ३१ च्या पहाटे सगळा अंधार, आणि नंतर तिथून ४५ मृतदेह निघाले. म्हणजे जनरेटर कितव्या मजल्यावर आहे हा प्रश्नच अपुरा आहे. टाकी, पंप, चेंजओव्हर आणि केबल यांच्यात सगळ्यात खालचं काय आहे ते विचारायचं, कारण पाणी तिथपर्यंत आलं की तुमचा जनरेटर नुसता गच्चीवरचा लोखंडाचा ठोकळा. हे इंजिनिअर लोकांना माहीत नव्हतं असं नाही. पण बहुतेक नियम नव्या इमारतीला लागतात, जुनी इमारत ज्या काळच्या नियमाने बांधली त्याच नियमाने चालत राहते, आणि जुन्या हॉस्पिटलचं स्विचगिअर वर हलवायचं तर खर्चाच्या आधी हाच प्रश्न येतो की तेवढे दिवस पेशंट ठेवायचे कुठे.

आता हॉस्पिटल या शब्दात काय काय बसतं? इथे कायद्याची खरी कुंपणं दिसतात. फ्लोरिडात सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळ आलं. हॉलिवूड नावाच्या गावात एका नर्सिंग होमचा, म्हणजे तिथे म्हाताऱ्यांना सांभाळतात त्या जागेचा, एसी चालवणारा ट्रान्सफॉर्मर बंद पडला. दिवे होते, एसी नव्हता. बाहेर उन्हाळा. रस्त्याच्या पलीकडे चालू वीज असलेलं मोठं हॉस्पिटल. कंपनीला फोन झाले, पण दुरुस्तीच्या रांगेत ते वरती आलं नाही, आणि तिथल्या लोकांनीही म्हाताऱ्यांना वेळेत पलीकडे नेलं नाही. बारा जण उष्णतेने गेले. बाकीच्यांना हलवलं ते तिसऱ्या दिवशी. त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने नियम केला की नर्सिंग होमकडे असा जनरेटर आणि इंधनाची अशी सोय पाहिजे की वीज गेल्यावर ९६ तास आतलं तापमान ८१ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण २७ सेल्सिअसच्या वर जाणार नाही. तोपर्यंत आणीबाणीची वीज म्हणजे दिवे, अलार्म आणि मशीन. गारवा ही चैन समजली जायची.

डायलिसिस सेंटर अजून अवघड जागी आहेत. पेशंटला आठवड्यातून तीनदा, दर वेळेला साधारण चार तास मशीनवर बसावं लागतं, एका बैठकीला शंभर लिटरच्या वर शुद्ध पाणी लागतं, आणि ते पाणी शुद्ध करणारं यंत्र विजेवरच. पण हे सेंटर रात्री बंद होतं, तिथे बेड नाहीत, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते हॉस्पिटलच्या व्याख्येत बसत नाही, जनरेटरची सक्ती नाही आणि यादीत नंबरही नाही. एक दिवस चुकला तर चालतं, दोन चुकले की पेशंट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत येतो, जिथे आधीच सगळे आलेले असतात.

लाइन दुरुस्तीचा क्रमही असाच. आधी वीज केंद्र आणि मोठ्या लाइनी, मग सबस्टेशन, मग महत्त्वाचे फीडर, मग ज्या एका दुरुस्तीने जास्तीत जास्त घरं उजळतात ती, आणि सगळ्यात शेवटी गल्लीतली एकटी डीपी. लहान दवाखाना जर गल्लीतल्या डीपीवर असेल तर पाटीवर हॉस्पिटल लिहिलेलं असून काही उपयोग नाही, कंपनीच्या सिस्टिममध्ये तो ग्राहक कुठल्या वर्गात नोंदलाय ते महत्त्वाचं. बिलावर वर्ग छापलेला असतो. व्यावसायिक म्हणून नोंद असेल तर लाइनमनच्या दृष्टीने तुम्ही आणि शेजारचं सलून सारखेच.

राहिला घरचा पेशंट, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर किंवा घरच्या व्हेंटिलेटरवर असलेला. आता कित्येक आजार हॉस्पिटलातून घरी आलेत पण वीज कायदा अजून बराचसा हॉस्पिटलच्या दारातच उभा आहे. तरी काही ठिकाणी सोय आहे, ब्रिटनमध्ये अशा लोकांची नोंदवही असते, वीज जाणार असेल तर त्यांना आधी कळवतात आणि मदत पाठवतात. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०१९ मध्ये तारांमुळे वणवा लागू नये म्हणून कंपनीने मुद्दाम लाखो ग्राहकांची वीज बंद केली, तेव्हा मशीनवर असलेल्या लोकांना निरोप पोचवणं हेच मोठं काम होऊन बसलं, कारण नाव नोंदलेलंच नाही असेही भरपूर निघाले. कॅलिफोर्निया, टेक्सससारख्या ठिकाणी अशी नोंद मिळायला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि ती मिळाली तर बिल थकल्यावर वीज तोडण्याआधी जास्त वेळ आणि जास्त नोटिसा मिळतात. बिल माफ होत नाही. आणि टेक्ससच्या नियमात तर स्वच्छ लिहून ठेवलंय की ही नोंद म्हणजे अखंड विजेची हमी नव्हे.

त्यामुळे घरी मशीन असेल तर सिलिंडर भरलेला ठेवायचा, मशीनची बॅटरी किती वेळ टिकते ते दिवसा एकदा प्लग काढून घड्याळ लावून बघायचं, पेशंट समोर दुसऱ्या ऑक्सिजनवर असताना अर्थातच. छोटा पेट्रोल जनरेटर आणला तर तो घराबाहेर, खिडकीपासून लांब, कारण त्याचा धूर घरात शिरला तर पेशंटच्या आधी धडधाकट माणसं जातात, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि कंपनीकडे नोंद केली असेल तर तिची मुदत बघा, ती कायमची नसते, ठरावीक काळाने डॉक्टरची सही घेऊन परत भरावी लागते, आणि मुदत संपल्याचं पत्र घरच्या बिलांच्या गठ्ठ्यात न उघडता पडलेलं असतं.